पूजेला मांडलेला कॉम्प्युटर

पेनड्राइव्हच्या खाचेत अडकलेलं कुंकू मी दात कोरायच्या काडीनं काढत होतो आणि माझा मेहुणा संग्राम डोक्यावर उभा राहून विचारत होता, “दाजी, हुईल न्हवं चालू?”

“होईल.”

“न्हाई, डॉक्टर मॅडम चारला येतो म्हणल्यात.”

“माहीत आहे. तू आधी उजेडातनं बाजूला हो.”

तो बाजूला झाला आणि दुसरीकडून वाकून बघायला लागला. रात्रभर एसटीत अवघडून मी नाशिकहून कोल्हापूरला पोचलो होतो, तोंडही धुतलं नव्हतं, आणि समोर वहीएवढा जुना कॉम्प्युटर हळदीकुंकवानं माखून पडला होता. झाकणावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती.

उद्यमनगरातल्या लेथवाल्यांच्या घरी खंडेनवमीला काय मान असतो, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. मीही लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो आणि बायकोनं डोळे वटारले होते. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती. सकाळी मेन स्विच पाडायचा, लेथ रॉकेलनं पुसून लख्ख करायचा, पाने, मायक्रोमीटर, ड्रिल सगळं पाटावर मांडून गंधफूल वाहायचं, आणि दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. माझे सासरे हिंदुराव सुतार, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, त्यांच्या कारखान्यात त्या दिवशी कुणी साधा स्क्रू ड्रायव्हर उचलला तरी ते आख्खी गल्ली ऐकेल असे ओरडायचे. आवाज होता तोवर.

त्या वर्षी आबांचा आवाज म्हणजे हा कॉम्प्युटर होता.

त्यांना नसा वाळत जाण्याचा तो आजार झाला होता, ज्याला औषध नाही. आधी हातातून पाना पडायला लागला, मग जिना चढवेना, मग जीभ जड झाली आणि एके दिवशी शब्दच फुटेना. बुद्धी मात्र लख्ख. आता कारखान्यावरच्या खोलीत कॉटवर पडून असायचे, तोंडावर श्वासाचा मास्क, आणि सगळ्या देहात हुकमातला अवयव एकच उरला होता, उजव्या पायाचा अंगठा.

मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. आमच्याकडे भंगारात निघालेलं हे यंत्र मी मागून आणलं आणि त्यावर पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स हे हलकं सॉफ्टवेअर बसवलं, कारण त्याच्या इवल्याशा मेमरीत दुसरं काही मावलंच नसतं. पडद्यावर मराठी अक्षरांचा तक्ता. त्यावर पिवळी चौकट ओळीओळीनं खाली सरकायची. आबांनी अंगठ्याखालची पट्टी दाबली की ती ओळ धरली जायची, पुन्हा दाबली की त्या ओळीतलं अक्षर. वाक्य झालं की यंत्र ते मोठ्यानं वाचायचं, एका सुरात, बसस्टँडवरच्या घोषणेसारखं. अंगठ्याखालची पट्टी आबांनी संग्रामकडून लेथवर करून घेतली होती, दोनदा नापास करून. तिच्या लांब तारा मी कॉम्प्युटरच्या एका बटणाखाली डाख देऊन कायमच्या जोडल्या होत्या.

एवढा सगळा खटाटोप करून आबांनी पहिलं वाक्य लिहिलं, “टीव्ही बारीक कर.” दुसरं माझ्यासाठी होतं. “जावई, दाढी कर.”

खंडेनवमीला सासूबाईंनीच म्हटलं, वर्षभर राबतंय बिचारं, एक दिवस त्यालाबी इसावा द्या. आबांना विचारलं, त्यांनी अंगठा एकदा दाबून होकार दिला. त्यांना तर ते पटणारच होतं. संग्रामनं श्वासाचं मशीन इन्व्हर्टरवर आहे ना, ते दोनदा तपासलं आणि रिवाजाप्रमाणे खाली जाऊन मेन स्विच पाडला. कॉम्प्युटरची बॅटरी केव्हाच मेलेली होती, तो सरळ भिंतीतल्या विजेवर चालायचा. तो तसाच, चालू असताना, विझला. श्वासाची काळजी सगळ्यांनी घेतली, बोलण्याची कुणाच्या लक्षात आली नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी डॉक्टर मगदूम नेहमीच्या तपासणीला आल्या. आबांच्या छातीला मशीन लावलं, रक्त पाहिलं आणि सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावून सांगितलं की आता मास्क पुरत नाही. रक्तात नको तो वायू साठतोय, त्याची झापड यायला लागली आहे. गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी घालायची आणि ती कायमची मोठ्या मशीनला जोडायची, हा एक रस्ता. ते नको असेल तर इथेच, घरी, त्रास होणार नाही एवढी औषधं द्यायची. मग थोडे दिवस.

“हे त्यांनी स्वतः सांगायला हवं,” त्या म्हणाल्या. “आणि उद्या दुपारपर्यंतच. त्यानंतर विचारायला ते जागे असतील की नाही, मी सांगू शकत नाही.”

संग्रामनं धावत जाऊन मेन स्विच वर केला, पण कॉम्प्युटर चालू होईना. म्हणून मला फोन. म्हणून मी दसऱ्याच्या सकाळी दात कोरायची काडी घेऊन बसलो होतो.

“पण हो-नाही तर त्यांना सांगता येतं ना?” मी बायकोला विचारलं. वैजू चार दिवस आधीच माहेरी आली होती. तिचे डोळे सुजले होते.

“तेच तर झालंय. आईनं विचारलं, नळी घालू या ना? त्यांनी एकदा दाबलं, हो. थोड्या वेळानं मॅडमनी एकट्यानं आत जाऊन विचारलं, तर दोनदा दाबलं. नाही. परत संग्रामनं विचारलं तर दाबलंच नाही, नुसते बघत राहिले.”

“मग अक्षरं म्हणून दाखवायची, कुठं थांबायचं ते अंगठ्यानं सांगतील.”

“केलं की ते पण,” ती म्हणाली. “मी बाराखडी म्हणत होते. त आला, मग तु आला. तेवढ्यात संग्राम म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा म्हणालेत. आई म्हणाली, न्हाई, तुळजापूरला नवस बोला म्हणालेत. दोघांचं भांडण. आबांनी डोळेच मिटून घेतले. त्यानंतर कितीही विचारलं तरी अंगठा हलवत नाहीत. डोळे उघडले की त्या टेबलाकडं बघतात.”

टेबलावर रोज हा कॉम्प्युटर असायचा.

मला हसू आलं नाही. सुतारांच्या घरात कुणालाही कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचा धीर नव्हता. माझ्या लग्नाच्या बैठकीतही माझं नाव मी सांगायच्या आत तिघांनी सांगितलं होतं. बोलता माणूस अशा घरात ओरडून आपलं वाक्य पुढं रेटतो. आबा ते करायचे. आता काय करणार?

कुंकू निघालं. पेनड्राइव्ह बसवला, बटण दाबलं. आधी सकाळपासून ‘चालू करण्याजोगं काही सापडत नाही’ एवढंच लिहून येत होतं, ते गेलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या. संग्रामनं माझ्या पाठीवर थाप मारली.

“थांब,” मी म्हटलं.

ओळी थबकल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सुरुवातीची फाइल सापडत नाही, पुढं जाता येत नाही, थांबतो आहे.

सासूबाई, हौसाबाई, दारात उभ्या होत्या. “काय म्हणतंय, जावईबापू?”

“अडकलंय. याला पॅनिक म्हणतात आई. पुढं काय करायचं ते कळेनासं झालं की हे असं लिहून गप्प बसतं.”

“मग आपल्यावानीच की,” त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी ती फाइल शोधत बसलो. तोच पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावून पाहिला, तिथंही तीच रड. नक्कल घ्यायला गेलो तर अर्ध्यात अडकायची आणि चूक दाखवून बंद पडायची. आबांचा तक्ता, त्यांचे ठरलेले शब्द, पिवळ्या चौकटीचा वेग, सगळं त्याच पेनड्राइव्हवर होतं. एक जुनी प्रत माझ्याकडं होती, पण ती नाशिकला कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. नवीन लिनक्स घालणं अर्ध्या तासाचं काम होतं. पण तो तक्ता जमवायला मला उन्हाळ्याची आख्खी सुट्टी लागली होती.

एक ओळ सुधारावी तर तिच्यापुढं दुसरी चूक यायची. अमुक सेवा सुरू झाली नाही. तमुक लिहिता आलं नाही. जागा नाही. परवानगी नाही. मी शिव्या द्यायला लागलो, मनातल्या मनात आणि मग मोठ्यानं. आपण कशाला या भानगडीत पडलो असं झालं. मधूनच कॉटकडं बघत होतो. आबा माझ्याकडं बघत असायचे, मग पापण्या खाली यायच्या, आणि मोठ्या कष्टानं पुन्हा वर जायच्या. प्रत्येक वेळी त्या वर यायला जास्त वेळ लागत होता.

“आबा, झोपू नका हं,” वैजू त्यांचा हात चोळत म्हणत होती. “आबा, हे बघा, करतायत ते. होतंय आता.”

“त्यांना नको खोटं सांगू,” मी म्हटलं.

“मग काय खरं सांगू?”

खाली रस्त्यावर पोरं सोनं वाटत फिरत होती. एरवी उद्यमनगरात लेथांची घरघर असते, त्या दिवशी सगळीकडं शटरं बंद आणि हार. त्या शांततेत मास्कचा सूं-सूं आवाज आणि माझ्या बोटांचा आवाज, एवढंच ऐकू येत होतं. संग्राम भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता.

“दाजी, मी स्विच पाडायला नको हुता,” तो म्हणाला.

“तू दरवर्षी पाडतोस.”

“खरं ह्या वक्ताला...”

“संग्राम, रडायचं असेल तर गॅलरीत जा. मला अक्षर दिसत नाही तू रडायला लागलास की.”

तो उठून गेला नाही, बाहीनं डोळे पुसून तिथंच बसला. मला माझंच बोलणं लागलं. पण वेळ नव्हता.

मग मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. वर्गात मी पोरांना घसा कोरडा करून सांगतो की शेवटची चूक वाचू नका, पहिली वाचा. बाकीच्या तिच्या पोटी जन्माला येतात. आणि मी मात्र सकाळपासून शेवटच्या ओळीशी कुस्ती खेळत होतो, कारण पहिल्या ओळी डोळ्यांपुढून इतक्या झपाट्यानं जात होत्या की वाचताच येत नव्हत्या.

“वैजू, तुझा मोबाइल आण. पडद्याचा व्हिडिओ घे. मी बटण दाबतो, तू हलू नकोस.”

तिनं घेतला. मग आम्ही दोघं तो व्हिडिओ थांबवत, पुढं सरकवत बसलो. ती एकेक ओळ शाळेतल्यासारखी वाचत होती आणि मी ‘पुढं, पुढं’ म्हणत होतो. एका ओळीवर मी तिचा हात धरला.

“ही. परत वाच.”

पेनड्राइव्ह आदल्या वेळी नीट बंद झाला नव्हता, असं ती ओळ सांगत होती. त्यातल्या नोंदी अर्धवट राहिल्या होत्या, म्हणून यंत्र तो फक्त वाचण्यापुरता उघडत होतं. लिहायचंच नाही म्हटल्यावर पुढचं सगळं कोसळणार होतं, आणि कोसळत होतं. मी सकाळपासून छपराची कौलं बदलत होतो आणि पाया खचला होता.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि दुरुस्तीची आज्ञा दिली. थोडं पुढं जाऊन तिनं प्रश्न विचारला. काही तुकडे खराब झालेत, त्यांत काय होतं ते कळत नाही, ते काढून टाकल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. काढून टाकू का?

माझं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. त्या तुकड्यांत तक्ता असला तर? आवाज असला तर? नक्कल तर होत नव्हती. एकदा ‘हो’ म्हटलं की परत फिरायला रस्ता नव्हता. मी उठून कॉटपाशी गेलो, गुडघे टेकून बसलो. जवळून त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता.

“आबा, ऐका. दुरुस्ती सापडली आहे. पण ती करताना सगळंच जाऊ शकतं. गेलं तर आज तरी काही बोलता येणार नाही. करू का?”

टक्. पट्टीचा आवाज झाला. मी थांबलो, दुसरा टक् येतोय का बघत. ते माझ्या डोळ्यांत बघत होते. दुसरा आला नाही.

मी परत येऊन ‘हो’चं बटण दाबलं. ओळी सरकल्या. गेलेल्या तुकड्यांची यादी आली, त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. संग्राम मागून म्हणाला, “गेलं काय?”

“माहीत नाही.”

पेनड्राइव्ह पुन्हा छोट्या यंत्राला लावला. ओळी आल्या, वर गेल्या, कुठंही अडल्या नाहीत. पॅनिक नाही. मग काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ. खिडक्या, चित्रं, काही नाही. पडद्याची मांडणी लिहून ठेवलेली फाइल उडाली होती. मी साध्यातली साधी मांडणी घालून पुन्हा चालू केलं. आज्ञा दोनदा चुकली. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, मग जिन्यावर चपलांचा.

“मॅडम आल्या,” सासूबाई म्हणाल्या.

पडदा निळा झाला. तक्ता आला.

तक्त्यावर अक्षरं नव्हती. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन होते, ओळींवर ओळी, सगळे सारखे. मराठी अक्षरांची वळणं ज्या फाइलीत होती ती त्या तुकड्यांबरोबर गेली होती. पिवळी चौकट मात्र शहाण्यासारखी त्या कोऱ्या चौकोनांवरून खाली सरकत होती.

“हे काय ओ?” वैजू म्हणाली. “हे कसं वाचायचं?”

“अक्षरं गेलीत. लॅपटॉपमधून घालतो. थोडा वेळ लागेल.”

डॉक्टर मगदूम आबांची नाडी बघत होत्या. त्यांनी पापणी वर करून पाहिली आणि माझ्याकडं मान वळवली. “थोडा म्हणजे किती? ते फार वेळ जागे राहणार नाहीत.”

मी लॅपटॉपकडं वळणार, तेवढ्यात टक् झालं.

पिवळी चौकट एका ओळीवर थांबली. पुन्हा टक्. पडद्याच्या वरच्या भागात एक कोरा चौकोन उमटला. चौकट पहिल्यापासून सरकायला लागली. टक्. टक्. दुसरा चौकोन.

आधी मला वाटलं, अंगठा नुसता आचके देतोय. मग आबांच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते पडद्याकडं रोखून बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात शोधणं नव्हतं. वर्षभर रोज त्या तक्त्यावर ते बोलत होते. कुठल्या ओळीत कितवं अक्षर आहे, ते त्यांना पाठ होतं. डोळे झाकून लेथच्या चकवर हात ठेवणाऱ्या माणसाला अक्षर दिसायची काय गरज?

“कुणी काही करू नका,” मी म्हटलं. “लिहितायत ते.”

“काय लिवालेत?” संग्राम पुढं आला.

“दिसत नाही.”

“आवो, पण काय...” सासूबाई म्हणाल्या आणि त्याही थांबल्या. पडद्यावर चौकोनांची रांग वाढत होती. एरवी दोन अक्षरं दिसली की या घरातल्या कुणीतरी तिसरं सांगितलं असतं. आता सांगायला काही नव्हतं. तुळजापूर नाही आणि तुमचं तुम्ही नाही. चौघं जण त्या रिकाम्या खोक्यांकडं बघत उभे होतो, डॉक्टर धरून पाच, आणि आबा त्यांच्या चालीनं, कुणाच्याही मध्ये न पडता, लिहीत होते. मध्येच पापण्या मिटल्या. चौकट तीनदा खालपर्यंत जाऊन आली. वैजूनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मग पापण्या उघडल्या आणि टक् झालं.

शेवटी चौकट कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावर थांबली. तो बोलण्याचा होता. टक्.

आवाज राहिला आहे की तोही गेला, हे मला तोवर माहीत नव्हतं. छोट्या स्पीकरमधून खरखर आली आणि मग तो सपाट, बसस्टँडवरचा आवाज म्हणाला,

“हौसा. तुला झेपंल का. खरं सांग.”

तेव्हा मला त्या एका हो आणि एका नाहीचा उलगडा झाला. बायको ‘घालू या ना’ म्हणाली तेव्हा तिला नाही म्हणवलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, आपल्यापायी बायकोची काय गत होईल हे डोळ्यांपुढं आलं. दोन्ही उत्तरं खरी होती. कालपासून सगळे जण त्यांना विचारत होते, आणि त्यांना कुणालातरी काही विचारायचं होतं. अंगठ्यानं हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. विचारता येत नाही.

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. त्या डॉक्टरांकडं वळल्या. “मॅडम, ती नळी घातल्यावर, ते कफ काढायचं तुम्ही सांगितलेलं...”

“दिवसरात्र करावं लागतं, मावशी. नळी तुंबली तर काही मिनिटांत जीव जातो. कुणीतरी कायम जागं हवं.”

“आई, मी हाय की,” संग्राम म्हणाला. “आपण बाई ठिवू. मी खाली...”

“तू गप,” सासूबाई म्हणाल्या. “तुला इचारलेलं न्हाई.”

त्या कॉटपाशी गेल्या. त्यांना गुडघ्यांनी खाली बसता येत नसे, म्हणून वाकून, कॉटची कड धरून उभ्या राहिल्या.

“न्हाई झेपायचं,” त्या म्हणाल्या. “आवो, मला न्हाई झेपायचं. दोन वर्षं झाली, मी सलग झोपले न्हाई. आता कान बी साथ देत न्हाईत. माझा डोळा लागला आन् तुमची नळी तुंबली, तर मी काय करू? तसं न्हाई मला बघवायचं. मी सगळ्यांना घाला घाला म्हणत हुते, खरं मला लई भ्या वाटालंय.”

“आई, काय बोलालीस,” संग्राम ओरडला. वैजूनं त्याला धरलं. ती स्वतःच रडत होती.

आबांचे डोळे सासूबाईंच्या तोंडावर होते. ते फार थकलेले होते, पण त्यांत राग नव्हता, दुःखही नव्हतं. हिशोब जुळल्यावर माणूस बघतो तसं ते बघत होते. मग नजर पडद्याकडं गेली. टक्. टक्. टक्. टक्. दोनच चौकोन, आणि कोपरा.

“बरं,” आवाज म्हणाला.

डॉक्टर मगदूम यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. “हिंदुराव, म्हणजे नळी नको?”

टक्. एकदाच. त्या बराच वेळ वाट बघत थांबल्या, मी थांबलो होतो तशाच. मग मान हलवून बाहेरच्या खोलीत गेल्या आणि औषधं लिहायला बसल्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आबा कोजागरीच्या आदल्या दिवशी गेले, घरीच, झोपेत. संग्राम आजही कधी दोन घोट घेतले की म्हणतो, आईनं न्हाई म्हटलं. मी त्याला काही समजावत नाही. त्या खोलीत तोही होता, त्यानंही ऐकलं होतं. सासूबाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांना अपराध्यासारखं वागतानाही मी कधी पाहिलं नाही. पुढं कितीतरी वर्षं त्या कारखान्यात बसून गिऱ्हाइकांशी घासाघीस करत होत्या. याचं कारण मला वाटतं त्या दुपारी नंतर जे झालं, त्यात आहे.

मी लॅपटॉप उघडून अक्षरांची फाइल शोधायला घेतली होती. मला वाटलं, संपलं. संग्राम गॅलरीत गेला होता, वैजू डॉक्टरांपाशी. सासूबाई कॉटची कड धरून तशाच उभ्या होत्या. तेवढ्यात पुन्हा टक् झालं.

या वेळी फार वेळ लागला. अंगठा मध्येच विसावायचा, चौकट रिकामी फिरत राहायची. मी लॅपटॉप बाजूला ठेवला. सासूबाई पडद्यावरच्या कोऱ्या चौकोनांकडं बघत होत्या आणि ओठ आवळून उभ्या होत्या, एक अक्षरही न बोलता, न सुचवता. मला नाही वाटत त्यांनी जन्मात कधी आबांचं इतकं ऐकून घेतलं असेल.

कोपरा आला. टक्.

“जेवून घे,” आवाज म्हणाला.

सासूबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्या आत गेल्या, ताट वाढून आणलं, कॉटशेजारी स्टूल ओढलं, आणि आबांच्या डोळ्यांदेखत, खाली मान घालून, ताटातलं सगळं संपेपर्यंत जेवल्या.